कोणते भिंग ठेवावे?



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय विचारला, तेव्हा त्यांची अपेक्षा कामगार चळवळीच्या इतिहासाची असावी. आम्ही ‘भिंगांची निवड’ असा विषय कळवला. त्यावर एका तरुण चालकाने अगदी नम्रपणे विचारले, “साहेब, चष्म्याची भिंगे काय?” नव्हे, कॅमेऱ्याची. आणि भिगवणात भिंगांवर बोलायचे म्हणजे शब्दाची कोटी करण्याचा मोह होतो, पण या दोन शब्दांचा काही संबंध असल्याचे आमच्या ऐकिवात नाही, तेव्हा तो मोह आवरून मूळ हकिकतीकडे वळू.

आमच्या युनियनच्या कचेरीत दीड वर्षापूर्वी एक पत्र्याची पेटी आली. स्टेशनाकडच्या रस्त्यावर ज्यांचा स्टुडिओ होता ते फोटोग्राफर वारले, स्टुडिओ बंद झाला, आणि मुलांनी जागा रिकामी करताना ही पेटी आमच्याकडे पाठवून दिली. कारण उघड होते. तीस वर्षे आमच्या प्रत्येक गेट मीटिंगचा, मोर्चाचा आणि निवृत्त सभासदाच्या सत्काराचा फोटो या गृहस्थांनीच काढला होता, आणि निम्म्या वेळा पैसे मागायचे ते विसरले होते. पेटीत अकरा भिंगे निघाली. काही सुटी, काही घडीच्या कॅमेऱ्यात बसवलेली. त्यांखाली जुन्या निगेटिव्हची पाकिटे, सगळी एकमेकांत मिसळलेली.

कार्यकारिणीत प्रश्न आला. खजिनदारांनी सूचना मांडली की सर्व भिंगे विकावीत आणि येईल ती रक्कम आजारी कामगार मदत निधीत जमा करावी. सूचना सरळ होती. त्या महिन्यात दोन हंगामी कामगारांच्या घरी आजारपण होते आणि निधीत फार काही उरले नव्हते. अशा वेळी “थांबा, ही भिंगे ठेवण्याजोगी असतील” असे म्हणणारा मनुष्य स्वतःलाच थोडा शरमेचा वाटतो. तरी आम्ही एक महिन्याची मुदत मागितली. मुदत मिळाली, आणि तिचे तीन महिने झाले, हेही कबूल केले पाहिजे.

आमचे शिक्षण दहावीपाशी संपले. पुढचे जे काही आहे ते कामगार वाचनालयातल्या पुस्तकांचे आणि विचारून घेतलेल्या माहितीचे. भिंगांचा इतिहासही आम्ही तसाच गोळा केला, आणि तो वाचताना आमच्या ध्यानात आले की आपण आपल्याच धंद्यात आहोत. या काचेच्या तुकड्यांमागे मजुरीचा, मोबदल्याचा आणि कामाच्या तासांचा केवढा इतिहास आहे!

पेटीतले सर्वांत जड भिंग पितळी नळीतले होते. त्यावर कोणाचेच नाव नाही. पण रचना मात्र ओळखू येते. ती जोसेफ पेट्झवाल या हंगेरियन गणितज्ञाची. १८३९ साली पॅरिसमध्ये दागेरच्या छायाचित्रणाची घोषणा झाली, तेव्हा एका चित्रासाठी माणसाला उन्हात मिनिटेच्या मिनिटे पुतळ्यासारखे बसावे लागे. व्हिएन्नात प्राध्यापक असलेल्या पेट्झवालने १८४० साली चार काचांचे असे भिंग गणिताने काढले की पूर्वीच्या भिंगांच्या कितीतरी पट प्रकाश आत येऊ लागला. माणसाचा चेहरा टिपण्याची कला खऱ्या अर्थाने तिथून सुरू झाली. या गणितात त्याला मदत कोणी केली? ऑस्ट्रियाच्या सैन्यातल्या तोफखान्याच्या शिपायांनी. तोफेच्या गोळ्याचे गणित करणारी ही माणसे आकडेमोडीत तरबेज होती. त्यांची नावे आज फारशी कोणाला ठाऊक नाहीत. भिंग बनवून विकले फोग्टलेंडर या कारखानदाराने. पेट्झवालला त्याने एकदाच दोन हजार गुल्डन दिले, आणि पुढे हजारो भिंगांवर जो नफा झाला त्यात त्याचा वाटा नव्हता. दोघांचे भांडण झाले, कारखाना जर्मनीत गेला आणि पेट्झवाल कटू होऊन बसला. उक्त्या पैशावर हक्क सोडून देणाऱ्याचे काय होते, हे आमच्या सभासदांना निराळे सांगायला नको.

या भिंगाचा गुण कोणता? चित्राचा मधला भाग लख्ख उमटतो, आणि कडेकडेला जावे तसे सगळे विरघळत जाते. मागे झाडाची पाने असतील तर ती चेहऱ्याभोवती फेर धरल्यासारखी दिसतात. याचे कारण असे की लांब नळीतून तिरपी येणारी किरणे कडेला कापली जातात. मधोमध जो प्रकाशाचा ठिपका गोल दिसतो, तोच कडेला लिंबाच्या फोडीसारखा होतो, आणि या सगळ्या फोडी मध्याभोवती रांगेने बसतात. गणिताच्या दृष्टीने हा दोष आहे. पण शंभर वर्षे जगातल्या स्टुडिओवाल्यांनी याच दोषावर पोट भरले, कारण बघणाराची नजर आपोआप चेहऱ्यावर येऊन थांबते.

दोष आणि गुण यांची ही सरमिसळ फार जुनी आहे. ज्यूलिया मार्गरेट कॅमरन ही बाई १८१५ साली कलकत्त्यात जन्मली. पुढे इंग्लंडात वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी तिने कॅमेरा हाती घेतला. भिंग फिरवता फिरवता जिथे चित्र सुंदर दिसे तिथेच ती थांबे. अगदी रेखीव होईपर्यंत फिरवीत नसे. तिथल्या जाणत्या मंडळींनी “हिला फोकस करता येत नाही” म्हणून नाके मुरडली. आज त्या मंडळींची नावे शोधावी लागतात, आणि कॅमरनबाईंची चित्रे संग्रहालयांत आहेत. १८६६ साली लंडनच्या डालमायरने तर असे भिंग बाजारात आणले की त्याची मागची काच थोडी फिरवली की चित्र हवे तेवढे मऊ करता येई. म्हणजे दोषाला चावी बसवली!

आता आपल्याकडे येऊ. छायाचित्रण मुंबईत फार लवकर आले. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्यातले नामांकित छायाचित्रकार होते. दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनला गेले आणि विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. घरी आल्यावर पहिल्यांदा त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याचा वेल वाढतानाचे चित्रण केले आणि ते दाखवून भांडवल मिळवले. ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला. हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु आमचे मन अधिक रमते ते कोल्हापुरात. बाबूराव पेंटर, म्हणजे बाबूराव मेस्त्री, हे सुतारकाम, ओतकाम आणि चित्रकला जाणणारे घराणे. बाबूराव आणि त्यांचे बंधू आनंदराव यांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतःच बनवायचे मनावर घेतले. आनंदराव १९१६ साली वारले. बाबूरावांनी दामल्यांना हाताशी घेऊन खटपट चालू ठेवली आणि १९१८ च्या सुमारास कॅमेरा चालू झाला. लेथवर घासून, बिघडले की पुन्हा घासून केलेले ते यंत्र. त्यातूनच ‘सैरंध्री’ १९२० साली निघाला. १९२५ च्या ‘सावकारी पाश’मध्ये कर्जात बुडालेला शेतकरी पडद्यावर आला, आम्हांला त्या चित्रपटाचे महत्त्व कॅमेऱ्याइतकेच वाटते.

हे सारे करताना एक गोष्ट मात्र कोल्हापूरच्या भात्यातून निघण्यासारखी नव्हती. ती म्हणजे भिंगाची काच. प्रकाशीय काच आपल्या देशात तेव्हा होत नव्हती. स्वातंत्र्यानंतर कलकत्त्याच्या केंद्रीय काच व सिरॅमिक संशोधन संस्थेने ती करून दाखवली. तेव्हा त्या काळच्या छायाचित्रकाराला भिंग घडवण्याचे स्वातंत्र्य नव्हते, निवडण्याचे होते. आणि निवड किती मोठे काम करते ते पाहायचे असेल तर प्रभातचा ‘अमृतमंथन’ आठवावा. १९३४ साली पुण्याच्या नव्या स्टुडिओत हा चित्रपट झाला. शांतारामबापूंनी टेलिफोटो भिंग लावून राजगुरूच्या भूमिकेतल्या चंद्रमोहनचा डोळा पडदाभर दाखवला. आपल्या चित्रपटांत हे भिंग पहिल्यांदा वापरले गेले ते इथे, असे मानतात. छायाचित्रण केशवराव धायबरांचे. दुरूनच जवळ जाणाऱ्या भिंगाने चेहरा फुगत नाही, नाक पुढे येत नाही. बघणाराला वाटते की आपण चोरून पाहत आहोत, आणि तो डोळा मात्र आपल्यालाच पाहतो आहे. तेच दृश्य साध्या भिंगाने जवळ जाऊन घेतले असते तर धाक वाटला नसता.

असो. पेटीकडे परत येऊ. आमच्या एका टर्नर सभासदाने लाकडी फळी, जुना भाता आणि आजचा डिजिटल कॅमेरा अशी जोडणी करून दिली. प्रत्येक भिंग तिच्यात बसवून आम्ही एकाच ठिकाणी, सकाळी एकाच वेळी, एकच चित्र काढायचे ठरवले. बसायला तयार झाल्या कचेरीसमोर मासळी विकणाऱ्या एक आजी. धरणातली चिलापी पाटीत, मागे चिंचेचे झाड, आणि आजींचा चेहरा. अकरा भिंगांची अकरा चित्रे आम्ही त्यांच्यापुढे मांडली. सर्वांत रेखीव चित्र बाजूला सारून त्यांनी पितळी भिंगाचे उचलले आणि म्हणाल्या, “ह्यात मी दिसते बाबा. त्यात नुसतं माझं वय दिसतं.” तीन महिन्यांच्या वाचनात आम्हांला एवढे नेमके वाक्य सापडले नव्हते.

ते रेखीव चित्र टेसार जातीच्या भिंगाचे होते. ही जात १९०२ ची, येनाच्या झाइस कारखान्यातल्या पाउल रुडोल्फची. चार काचा, आकाराने लहान, किंमत बेताची, आणि चित्र असे स्वच्छ की कारखान्याने तिला ‘गरुडाचा डोळा’ म्हणून मिरवले. या कारखान्याविषयी चार शब्द बोलल्याशिवाय आम्हांला पुढे जाववत नाही. त्याचा खरा शास्त्रज्ञ एर्न्स्ट आबे. आबेचा बाप सूतगिरणीत चौदा, पंधरा, सोळा तास उभ्याने काम करी. पोराने नेलेले जेवण यंत्राला टेकून घाईघाईने गिळी आणि भांडे परत देई. ते पोर पुढे प्राध्यापक झाले, ओटो शॉटच्या साथीने १८८४ साली येनात नव्या काचेची भट्टी उभी केली, आणि त्या काचेमुळे पूर्वी अशक्य असलेली भिंगे शक्य झाली. श्रीमंत झाल्यावर आबेने काय केले? १८८९ साली संस्था स्थापून आपली मालकी पुढे तिच्या नावे केली, आणि १९०० साली झाइसच्या कामगारांना आठ तासांचा दिवस दिला. पगारी रजा होती, नफ्यात वाटा होता. कमी तासांत काम तेवढेच होते हे त्याने आकड्यांनिशी दाखवून दिले. आमच्या पेटीतली टेसार जातीची तीन भिंगे कोणी घासली ते आम्ही सांगू शकत नाही, पण ती हातात घेताना सूतगिरणीतला तो बाप आठवतो.

आणि तरीही ती आम्ही ठेवली नाहीत. इथे भावनेला आवर घालावा लागला. आठवण भिंगात नसते, पुस्तकात असते, आणि पुस्तक वाचनालयात आहे. जे काम आज कोणाच्याही खिशातला फोन करतो, त्या कामासाठी जुने भिंग कपाटात ठेवण्यात अर्थ नाही. आमची कसोटी हीच ठरली: या भिंगाचे चित्र दुसऱ्या कोणत्या भिंगाने निघते काय? निघत असेल तर ते विकावे, मग त्याचे नाव कितीही मोठे असो.

या तिघांपैकी एकाची हकिकत लाजिरवाणी आहे. त्याच्या पुढच्या काचेवर निळसर-जांभळी झाक होती, तेल सांडल्यासारखी. आम्हांला वाटले, डाग आहे. चष्म्याच्या काचा घासणाऱ्या एका ओळखीच्या कारागिराकडून आम्ही ती चकचकीत करून आणली. दोष त्याचा नव्हे. घासायला सांगणारे आम्हीच. त्यानंतर त्या भिंगातून सगळे धुरकट दिसू लागले, कारण घासताना काचेची गोलाई बदलली. पुढे महिनाभराने वाचनात आले की डेनिस टेलर या इंग्रज कारागिराला एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकातच दिसले होते की हवेने अशी झाक आलेली जुनी भिंगे नव्या लखलखीत भिंगांपेक्षा अधिक प्रकाश आत सोडतात. झाक म्हणजे एक अत्यंत पातळ थर; तो परतणाऱ्या उजेडाला अडवतो. १९३५ साली झाइसमध्ये स्माकुलाने निर्वात यंत्रात असा थर मुद्दाम चढवण्याची रीत काढली, आणि आज प्रत्येक भिंगावर जी रंगीत झाक दिसते ती हीच. जे निसर्गाने पन्नास-साठ वर्षांत फुकट करून दिले होते, ते आम्ही पैसे देऊन घासून टाकले! ते भिंग आता आमच्या टेबलावर कागद दाबण्याच्या कामी आहे.

बाकीच्यांचा निकाल लवकर लागला. एन्लार्जरची दोन भिंगे आणि एक रुंद कोनाचे, ही विकायची. ५०० मिलिमीटरचे आरशाचे टेलिफोटो, जे त्यांनी धरणावरच्या रोहित पक्ष्यांसाठी उतारवयात हौसेने घेतले होते, त्यातून पाण्यावरची प्रत्येक चमक बांगडीसारखी पोकळ दिसते; पक्षी राहतो बाजूला आणि बांगड्याच मोजत बसावे लागते. हिवाळ्यात इथे येणाऱ्या हौशी मंडळींपैकी एकाने ते आनंदाने नेले. रशियन हेलिओसही गेले. ते मूळ जर्मन बायोटारची नक्कल. त्याच्या फिरत्या पार्श्वभूमीचे तरुणांना हल्ली फार वेड आहे. आमच्या मते पितळी भिंगात जे सहज घडते ते इथे नाटकी वाटते. हे मत चुकीचे असू शकेल. पण पितळी भिंग असताना दुसरा फेर कशाला?

ठेवण्यातले दुसरे भिंग म्हणजे रॅपिड रेक्टिलिनियर जातीचे. दोन सारख्या जोडकाचा समोरासमोर, मधे छिद्र. १८६६ साली डालमायरने इंग्लंडात आणि श्टाइनहाइलने जर्मनीत, एकमेकांना न कळवता, जवळजवळ एकच रचना काढली. यात सरळ रेघ सरळच राहते. आमच्या कचेरीच्या भिंतीवर जे मोठे समूह-फोटो आहेत, चार-चार रांगांत बसलेले आणि उभे असलेले कामगार, ते या भिंगाचे. कारखान्याचे दार मागे वाकलेले दिसत नाही, आणि मऊपणा एवढाच की शेवटच्या रांगेतल्या माणसाचा शर्ट फाटका आहे की नाही ते सांगता येत नाही. दर वर्षी १ मे रोजी तसाच फोटो काढायचा ठराव कार्यकारिणीने केला, म्हणून हे भिंग कामाचे म्हणूनच राहिले.

तिसऱ्या भिंगावर मात्र खरा वाद झाला. घडीच्या एका साध्या कॅमेऱ्यातले, तीन काचांचे. ही तीन काचांची रचना त्याच डेनिस टेलरची, १८९३ ची. तो यॉर्कच्या कुक कंपनीत होता. तिचा धंदा दुर्बिणींचा, म्हणून भिंग बनवायला दिले लेस्टरच्या टेलर, टेलर अँड हॉब्सनला, आणि पुढे त्या कारखान्याची ‘कुक’ नावाची भिंगे सिनेमावाल्यांची लाडकी झाली. आमचे भिंग अर्थातच त्या घराण्याचे नव्हे; स्वस्तातली नक्कल. शिवाय नासके. तीन सुट्या काचांच्या या रचनेत मधली काच केसभर सरकली तरी चित्राची एक बाजू बिघडते. हे कधीतरी पडले असावे. चित्राचा वरचा डावा कोपरा पुसल्यासारखा येतो. खजिनदार म्हणाले, याला कोणी शंभर रुपये देणार नाही, तेव्हा विकूही नका आणि ठेवूही नका, भंगारात टाका.

आम्ही निगेटिव्हची पाकिटे उघडून बसलो होतो. त्यांत लग्ने, मुंजी, शाळेचे वर्ग, आणि मधेच एखादे गाव. नदीचा घाट. पाराभोवती माणसे. वाड्याचे दार उतरवून बैलगाडीत चढवताना एक कुटुंब. पाकिटांवर साल नाही, गाव नाही. काही निगेटिव्हमध्ये तो वरचा डावा कोपरा पुसलेला होता. उभ्या फोटोत तोच कोपरा फिरून दुसरीकडे गेलेला, पण डाग तोच. कॅमेऱ्याच्या कातडी खोळीत त्यांच्या हातची चिठ्ठी होती: ‘१९७१, पुणे, जुना.’ आणि १९८२ साली त्यांनी दोन डोळ्यांचा यशिका घेतला, तेव्हापासून बाहेरची कामे त्यानेच केली, हे त्यांचे चिरंजीव सांगतात. म्हणजे पुसलेल्या कोपऱ्याची प्रत्येक निगेटिव्ह १९७१ ते १९८२ या अकरा वर्षांतली. उजनी धरण पुरे झाले १९८० साली. भीमेकाठची गावे उठली ती याच वर्षांत. आम्ही तेव्हा दहा वर्षांचे होतो. घरातली माणसे पाणी कुठवर आले ते पाहायला संध्याकाळी जात आणि काही न बोलता परत येत, एवढे आठवते. पळसदेवच्या देवळाचे शिखर उन्हाळ्यात वर येते तेव्हा आज लोक होडीतून ते बघायला जातात. ज्या घरांना शिखर नव्हते ती कोणी बघायची?

खजिनदारांचा प्रश्न रास्त होता. खूण एकदा कळली, मग भिंग कशाला हवे? याचे उत्तर तांत्रिक आहे. छिद्र मोठे असेल तर डाग मोठा येतो, छिद्र लहान केले की आक्रसतो, आणि फारच लहान केले तर नाहीसा होतो. अंतराप्रमाणेही तो बदलतो. म्हणून एखाद्या निगेटिव्हबद्दल शंका आली की त्याच भिंगाने, तेवढ्याच अंतरावरून, तेवढ्याच छिद्राने चित्र काढून शेजारी ठेवून पाहावे लागते. ज्या भिंगात काही दोष नसता त्याने आम्हांला काहीच सांगितले नसते. खजिनदारांनी दोन निगेटिव्ह उजेडावर धरून पाहिल्या. दुसरीत बराच वेळ गेला. मग ती खाली ठेवून ते म्हणाले, “हा आमच्या आत्याच्या घराचा ओटा आहे.” ठराव एकमताने झाला.

सात भिंगे विकून एकवीस हजार चारशे रुपये आले. ते सर्व आजारी कामगार मदत निधीत जमा आहेत. पावत्या कचेरीत पाहायला मिळतील. तीन भिंगे काचेच्या बरणीत, ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या पुड्या घालून ठेवली आहेत, कारण धरणाकाठच्या हवेत बंद कातडी खोळीत काचेला बुरशी धरते. आतापर्यंत दोनशे बारा निगेटिव्ह वेगळ्या काढून झाल्या. त्यांतल्या चाळीस-एक घरांची आणि माणसांची ओळख पटली. दर रविवारी सकाळी दहा वाजता कचेरीत हे काम चालते. ज्यांचे गाव पाण्याखाली गेले, त्यांनी घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला घेऊन यावे. चष्मा विसरू नये.